खवल्यावरून निघालेली पेशी

जीवशास्त्राच्या कुठल्याही विभागात गेलात तर कॉरिडॉरच्या भिंतीवर एक चित्र हमखास दिसतं. काळी पार्श्वभूमी, मधोमध निळं केंद्रक, आणि पेशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेले लाल किंवा हिरवे तंतू. अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे हे तंतू. चित्र देखणं असतं, यात वाद नाही. पण त्यातली पेशी मेलेली असते. फॉर्मल्डिहाइड घालून तिच्यातलं सगळं जागच्या जागी पक्कं केलेलं असतं, मग आवरणाला बारीक भोकं पाडून आत फॅलॉइडिन सोडलेलं असतं. फॅलॉइडिन हे ‘डेथ कॅप’ नावाच्या जीवघेण्या अळंबीतलं विष. अ‍ॅक्टिनच्या तंतूला ते इतकं घट्ट धरतं की तंतू पुन्हा सुटा होऊ शकत नाही. त्या विषाला चमकणारा रंग जोडला की तंतू लखलखीत दिसतात.

माझ्या पिढीने अ‍ॅक्टिन ओळखलं ते याच चित्रांतून. पुस्तकात त्याखाली ‘पेशीचा सांगाडा’ असं लिहिलेलं असायचं, आणि सांगाडा म्हणजे एकदा उभा राहिला की उभाच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. जिवंत पेशीत, विशेषतः ती सरकत असताना, तसं काही नसतं. तिथला तंतू एका टोकाला वाढत असतो, त्याच वेळी दुसऱ्या टोकाला झिजत असतो, मधेच तुटतो, त्याला फांदी फुटते, आणि मिनिटाभरात त्याच जागी दुसऱ्याच रेणूंचा दुसराच तंतू उभा असतो. मला या चालू असलेल्या घडामोडीबद्दल लिहायचं आहे. इतकी वर्षं झाली, तरी ती बघताना मन भरून येतं.

दक्षिण मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं मी हेच काम केलं. अ‍ॅक्टिन विकत मिळतं, पण महाग पडतं, म्हणून आम्ही ते आमचं आम्हीच काढायचो. पहाटे बाजारातून कोंबडीच्या छातीचं ताजं मांस आणायचं, बर्फात ठेवून त्याचा खिमा करायचा, खारट पाण्याने त्यातलं मायोसिन (अ‍ॅक्टिनच्या तंतूंना ओढणारं स्नायूतलं दुसरं प्रथिन) धुऊन काढायचं, मग अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा पुन्हा ढवळून गाळायचं आणि फ्यूम हूडमध्ये रात्रभर सुकू द्यायचं. सकाळी पांढुरकी, हलकी पूड तयार. फ्रीझरमध्ये ती महिनोन्‌महिने टिकते. लागेल तेव्हा थोडी पूड घ्यायची, किंचित एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि किंचित कॅल्शियम घातलेल्या थंड पाण्यात भिजवायची आणि गाळायची. खाली उतरतं ते अ‍ॅक्टिन. सगळे रेणू सुटे, दिसायला निव्वळ पाणी.

यानंतरची पायरी मला कधी जुनी झाली नाही. त्या पाण्यात पोटॅशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम घालायचं आणि पिपेटने हळूच वरखाली करायचं. पहिल्यांदा ते पाण्यासारखंच चढतं-उतरतं. थोड्या वेळाने पिपेटच्या टोकाशी रेंगाळायला लागतं. थेंब पटकन सुटत नाही, लांबट होतो. आत अडकलेला बुडबुडा वर यायला वेळ घेतो. नळीत नवं काही दिसत नाही, रंग बदलत नाही, गढूळपणा येत नाही; पण तेवढ्या वेळात असंख्य सुटे रेणू एकमेकांना धरून लांबच लांब तंतू झालेले असतात. त्यांना जोडायला कुठलं यंत्र नाही, कुणाचा हुकूम नाही. मीठ बदललं, एवढंच. हेच द्रावण खूप वेगाने फिरवलं की नळीच्या तळाशी एक पारदर्शक गोळी बसते; ती इतकी पारदर्शक असते की नळी उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. ती हलक्या हाताने पुन्हा मीठ नसलेल्या पाण्यात सोडली की तंतू विरघळतात आणि रेणू परत सुटे होतात. मोडण्याने त्यांचं काही बिघडत नाही. मला वाटतं, अ‍ॅक्टिन समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करावी.

ही कृती मूळची हंगेरीतली. दुसरं महायुद्ध चालू असताना सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत स्नायूंवर काम चालू होतं. व्हिटॅमिन सीवरच्या कामासाठी ज्यांना १९३७ मध्ये नोबेल मिळालं, तेच हे. त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांच्या लक्षात आलं, की स्नायूचा अर्क लगेच गाळला तर पातळ राहतो आणि रात्रभर ठेवून गाळला तर दाट होतो. आणि दाट झालेल्या अर्कात एटीपी घातलं की तो पुन्हा पातळ होतो. रात्रभरात स्नायूतून आणखी काहीतरी बाहेर येत होतं. ते काय, हे ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये वेगळं काढून दाखवलं. तेच अ‍ॅक्टिन. युद्धामुळे ही सगळी माहिती सेगेदच्या विद्यापीठाच्या अहवालांतच छापली गेली आणि बाहेरच्या जगाला ती युद्धानंतर कळली. आजूबाजूला युरोप जळत असताना काही माणसं रात्रभर ठेवलेल्या अर्काचा दाटपणा मोजत बसली होती, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. अ‍ॅसिटोनची पूड करायची त्यांची पद्धत आजही जवळपास तशीच चालते.

पुढे बराच काळ अ‍ॅक्टिन म्हणजे स्नायूतलं प्रथिन असंच मानलं जात होतं. १९६६ मध्ये जपानमध्ये हातानो आणि ओसावा यांनी ते फायसेरम नावाच्या सरपटणाऱ्या बुरशीसदृश जीवातून काढलं. मग ते अमीबात सापडलं, रक्तपेशींत सापडलं, वनस्पतींत सापडलं. केंद्रक असलेली जवळपास प्रत्येक पेशी अ‍ॅक्टिन बाळगून असते.

रेणू तसा छोटा आहे. आपल्या स्नायूतल्या अ‍ॅक्टिनमध्ये ३७५ अमिनो आम्लं आहेत. रेणूची रुंदी साधारण साडेपाच नॅनोमीटर. दोन सरी एकमेकींभोवती पिळ घालून तंतू होतो, त्याची जाडी ७ नॅनोमीटरच्या आसपास. एक रेणू जोडला गेला की तंतू सरासरी २.७ नॅनोमीटरने वाढतो. महत्त्वाची गोष्ट ही, की सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून बसतात, त्यामुळे तंतूची दोन टोकं सारखी नसतात. एका टोकावर रेणू भराभर येऊन बसतात, दुसऱ्यावर सावकाश. शिवाय प्रत्येक रेणूच्या खाचेत एक एटीपी असतं. रेणू तंतूत बसला की थोड्याच वेळात ते फुटून एडीपी होतं, आणि एडीपीवाला रेणू शेजाऱ्याला तितका घट्ट धरत नाही. म्हणजे तंतूला वय असतं. पुढचा भाग तरुण, मागचा म्हातारा. आल्ब्रेख्त वेग्नर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की यामुळे एक विलक्षण स्थिती येऊ शकते. पुढून जितके रेणू जोडले जातात, तितकेच मागून सुटतात. तंतूची लांबी बदलत नाही, पण रेणू मात्र त्यातून सतत पुढून मागे सरकत राहतात. बाहेरून पाहिलं तर शांत, आणि आत एक क्षण उसंत नाही. हे टिकवायला एटीपी खर्च होतं. जिवंत राहण्याची ती किंमत आहे.

हे सगळं नळीत समजलं, तरी पेशीत बघायला मिळालं ते मला गोल्डफिशमुळे.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये शोभेचे मासे विकणारी दुकानं आहेत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घेऊन आम्ही गोल्डफिश आणायचो. माशाला हलकी भूल द्यायची, चिमट्याने अंगावरचा एक खवला अलगद ओढायचा आणि मासा परत टाकीत सोडायचा. थोड्या वेळात तो पोहायला लागतो आणि काही आठवड्यांत तिथे नवा खवला येतो. काढलेला खवला काचेच्या कव्हरस्लिपवर ठेवायचा, वर मीडियमचे, म्हणजे पेशींच्या पोषक द्रावणाचे, दोन थेंब, त्यावर दुसरी कव्हरस्लिप, की तो हलायला नको. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींसारखे लाड इथे लागत नाहीत. ३७ अंशांचा इनक्यूबेटर नको, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको. खोलीच्या तापमानाला पेशी खूष असतात. काही तासांत खवल्याच्या कडेवरून त्वचेच्या पेशींचा एक पातळ पदर काचेवर उतरायला लागतो. जखम झाली असं समजून त्या ती भरायला निघालेल्या असतात. थोडं ट्रिप्सिन (पेशींची एकमेकींवरची पकड सोडवणारं विकर) घातलं की पदर सुटतो आणि एकेक पेशी आपल्या वाटेने चालू पडते.

या पेशींना केराटोसाइट म्हणतात. पुढे रुंद, वक्र, अतिशय पातळ पंखा. त्याच्या मागे मधोमध केंद्रक असलेला फुगीर भाग. पंख्याची जाडी मायक्रॉनच्या दशांश-दोन दशांश एवढीच. वेग मिनिटाला दहा-पंधरा मायक्रॉन, म्हणजे एक-दोन मिनिटांत ही पेशी स्वतःच्या लांबीइतकं अंतर कापते. फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली, कुठलाही रंग न घालता, ती सरकताना नुसत्या डोळ्यांनी कळते. काचेवरच्या एखाद्या कणावर नजर ठेवायची. पंख्याची कड कणापर्यंत येते, कण तिच्याखाली जातो, आणि थोड्याच वेळात मागून मोकळा होतो. या सगळ्यात पेशीचा आकार जराही बदलत नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ डोळा आयपीसवरून काढला नव्हता.

आता प्रश्न असा, की पंख्यातले अ‍ॅक्टिनचे तंतू पेशीबरोबर पुढे जातात का? साध्या बुद्धीला वाटतं, जातच असणार. सांगाडा शरीराबरोबर जातो. सॅन फ्रान्सिस्कोत ज्युली थेरियट आणि टिम मिचिसन यांनी १९९१ मध्ये याचं उत्तर मिळवलं. प्रकाश पडल्याशिवाय चमकत नाही असा रंग लावलेलं अ‍ॅक्टिन त्यांनी केराटोसाइटमध्ये सोडलं आणि पंख्यावर प्रकाशाची एक बारीक रेघ मारली. रेघेखालचे तंतू चमकायला लागले. पेशी पुढे निघाली, पण रेघ काचेवर होती तिथेच राहिली. पेशी तिच्यावरून पुढे सरकत गेली आणि ती पंख्याच्या मागच्या बाजूला येईतो विझून गेली.

लालबागला आमच्या चाळीच्या बोळात पावसाळ्यात घोट्याच्या वर पाणी साठायचं. आई तेव्हा तीन-चार विटा घेऊन बोळ ओलांडायची. पुढच्या विटेवर पाय ठेवायचा, वाकून मागची उचलायची आणि पुढे मांडायची. विटा मोजक्याच, पण बोळ पार होतो. आणि ज्या विटेवर पाय असतो ती मात्र जागची हलत नाही. थेरियट-मिचिसनचा निबंध वाचताना मला तो बोळ आठवला होता. पेशीत तेच चाललेलं असतं. पुढच्या कडेला तंतू बांधले जातात, काचेच्या हिशोबाने तिथेच थांबतात, पेशी त्यांच्यावरून पुढे जाते, मागे ते मोडतात, आणि सुटे झालेले रेणू पुन्हा पुढच्या कडेला वापरले जातात. फरक एवढाच की इथे वाकून वीट उचलणारं कुणी नाही. रेणू पाण्यात सैरावैरा फिरतात आणि फिरत फिरतच पुढे पोचतात.

आणि पेशीचं आवरण पुढे ढकलतं कोण? तिथेही ढकलणारं असं कुणी नाही. चार्ल्स पेस्किन, गॅरेट ओडेल आणि जॉर्ज ऑस्टर यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. आवरण उष्णतेमुळे सतत थरथरत असतं, तंतूही थरथरतात. त्या थरथरीत कधी तरी दोघांमध्ये एका रेणूपुरती फट पडते. तेवढ्यात एक रेणू येऊन तंतूच्या टोकावर बसतो. आता आवरणाला मागे यायला जागा उरत नाही. मग पुन्हा थरथर, पुन्हा फट, पुन्हा रेणू. प्रत्येक वेळी तीनेक नॅनोमीटरची कमाई, आणि असे हजारो तंतू शेजारी शेजारी. निव्वळ थरथरीतून पुढे जाण्याची दिशा मिळते. कारण बसलेला रेणू लगेच सुटत नाही, आणि तो बसावा म्हणून पेशीने एटीपी आधीच खर्च केलेलं असतं. विज्ञानात मला इतकी सुंदर गोष्ट फार थोड्या वेळा भेटली आहे.

केराटोसाइटची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही वेळा या पेशीच्या पंख्याचा एखादा तुकडा सुटून वेगळा होतो. त्यात केंद्रक नाही, जनुकं नाहीत. अ‍ॅक्टिन आहे, मायोसिन आहे, आवरण आहे. असे काही तुकडे चक्क चालतात. काही गोल चकती होऊन एका जागी बसून राहतात. अलेक्झांडर वर्खोव्स्की, तात्याना स्विटकिना आणि गॅरी बोरिसी यांनी १९९९ मध्ये अशा बसलेल्या चकतीवर बारीक नळीतून एका बाजूने द्रवाची धार सोडली. त्या बाजूची कड आत दबली, तुकडा चंद्रकोरीचा झाला आणि उलट दिशेला चालू पडला. धार बंद केली तरी तो थांबला नाही. दुसऱ्या कशावर आपटला, तर काही वेळा पुन्हा गोल होऊन बसला. तेच रेणू, तितकेच रेणू. पण त्यांना स्थिर राहण्याचे दोन मार्ग आहेत, बसून राहण्याचा आणि चालत राहण्याचा, आणि एका धक्क्याने ते एकातून दुसऱ्यात जातात. दिशा लक्षात ठेवायला त्यांना केंद्रकही लागत नाही. चालण्यामुळेच चालण्याची दिशा टिकते. मागच्या बाजूला मायोसिन गोळा होऊन तंतू आवळत राहतं, पुढच्या बाजूला नवे तंतू येत राहतात, आणि एक बाजू दुसरीला टिकवून धरते.

पंख्यातले तंतू कसे मांडलेले असतात, तेही आता बरंच माहीत आहे. आर्प २/३ नावाचा सात प्रथिनांचा गट जुन्या तंतूच्या कुशीला बसतो आणि तिथून साधारण ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढतो. टोपी घालणारी प्रथिनं फांदीची वाढ वेळेवर थांबवतात. कोफिलिन म्हाताऱ्या, एडीपी असलेल्या भागाला धरून तो तोडतं. प्रोफिलिन सुट्या रेणूंना पुन्हा कामाला लावतं. लिस्टेरिया हा अन्नातून होणाऱ्या एका आजाराचा जिवाणू या सगळ्याचा फायदा घेतो. पेशीत शिरला की तो आपल्या एका टोकाशी पेशीचंच अ‍ॅक्टिन बांधायला लावतो आणि मागे तंतूंची शेपटी सोडत शेजारच्या पेशीत घुसतो. रक्तातल्या प्रतिपिंडांना तो सापडतच नाही. टिल्नी आणि पोर्टनॉय यांनी १९८९ मध्ये ही शेपटी नीट दाखवली. दहा वर्षांनी पॅरिसजवळ मारी-फ्रान्स कार्लिए आणि दोमिनिक पांतालोनी यांच्या गटाने मोजकी शुद्ध प्रथिनं आणि एटीपी एकत्र करून जिवाणू पेशीबाहेर, काचेवर चालवून दाखवला. मायोसिन नव्हतंच. स्नायूशिवाय, फक्त बांधकामाच्या जोरावर चाल.

प्रत्येक अ‍ॅक्टिन असं धावपळीत नसतं, हेही सांगायला हवं. फॉर्मिन नावाची प्रथिनं फांद्या न काढता सरळ, लांब तंतू वाढवतात आणि वाढणाऱ्या टोकाला धरूनच राहतात. त्यांच्यामुळे काही पेशींना बोटांसारखे बारीक फिलोपोडिया फुटतात. काचेवर पसरून बसलेल्या पेशीतले स्ट्रेस फायबर, म्हणजे तंतूंचे जाड जुडगे, बराच वेळ टिकतात, आणि भिंतीवरच्या त्या चित्रांत मिरवतात ते मुख्यतः हेच. म्हणजे चित्र खोटं नाही. सर्वांत संथ गोष्ट त्यात सर्वांत ठळक दिसते, आणि धावणारं सगळं निसटून जातं, इतकंच. लॅट्रंक्युलिन हे लाल समुद्रातल्या एका स्पंजातलं द्रव्य सुट्या रेणूंना अडकवून ठेवतं. ते मीडियममध्ये घातलं, की नवे तंतू बांधायला रेणू मिळत नाहीत, जुने मोडत राहतात, आणि काही मिनिटांत पंखा नाहीसा होऊन पेशी आक्रसते. बांधणं थांबवलं की मोडण्याचा वेग उघडा पडतो.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तो बोळ, त्या विटा, शेजारच्या काकूंनी हाक मारून दिलेली छत्री, हे सगळं ती अजून त्याच शब्दांत सांगते. एकदा तिला मी मेंदूतल्या काट्यांबद्दल सांगत होते. चेतापेशींच्या फांद्यांवर हे सूक्ष्म काटे असतात, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या चेतापेशीचा निरोप तिथेच पोचतो, आणि काट्याचा आकार आणि निरोपाचा जोर यांचं जवळचं नातं असतं. या काट्यांत अ‍ॅक्टिन ठासून भरलेलं असतं. फ्रान्सिस क्रिक यांनी १९८२ मध्येच एका छोट्या लेखात विचारलं होतं, की हे काटे हलत असतील का? १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला अँड्र्यू मेटस यांच्या प्रयोगशाळेत जिवंत चेतापेशींचं चित्रीकरण झालं. काटे खरोखरच सेकंदासेकंदाला आकार बदलत होते, आणि ते अ‍ॅक्टिनमुळे. काही वर्षांत हेही मोजलं गेलं, की काट्यातलं बहुतांश अ‍ॅक्टिन मिनिटाभरात बदलतं.

“म्हणजे माझ्या डोक्यातलं दर मिनिटाला मोडतंय आणि बांधलं जातंय?” आईने विचारलं.

“अ‍ॅक्टिन, हो. पेशी त्याच आहेत, तुझ्या जन्मापासूनच्या.”

“मग गं, मला बोळ कसा आठवतो?”

याचं पूर्ण उत्तर देता येईल असं माझ्याजवळ काही नव्हतं, पण जे सांगता येतं ते सांगितलं. काट्याचा आकार रेणूंच्या टिकण्यावर अवलंबून नाही, येण्या-जाण्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे. ते प्रमाण सांभाळणारी प्रथिनं, आवरणातले ग्राहक रेणू, समोरची पेशी, हे सगळे मिळून काटा मोठा ठेवतात. तिला ते पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न तिने केला तो थेट मुद्द्याचा होता: ते सांभाळणारेही बदलतच असतील ना? बदलतात. त्यांचाही मुक्काम काही तासांचा, काही दिवसांचा. मेंदूचा अभ्यास करणारे आज याच प्रश्नाशी झुंजत आहेत, आणि ऐंशीच्या पुढची, सातवीपर्यंत शिकलेली बाई दोन पावलांत तिथे पोचली.

चेतापेशीच्या लांब धाग्यात मात्र अ‍ॅक्टिन वेगळंच वागतं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या शाओवेइ झुआंग यांच्या गटाने अतिसूक्ष्म भेद दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपने तिथे अ‍ॅक्टिनची गोल कडी पाहिली. धाग्याच्या आवरणाला आतून लागून, सुमारे १९० नॅनोमीटरच्या सारख्या अंतरावर एकामागून एक, मधे स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाचे दुवे. ती बरीच टिकाऊ आहेत. त्याआधी शंभर वर्षं माणसं चेतापेशी बघत होती, पण नेहमीच्या मायक्रोस्कोपला हे अंतर दिसण्याजोगंच नव्हतं.

बघण्याचीही किंमत असते, आणि ती मोजावी लागते. जिवंत पेशीत अ‍ॅक्टिन दिसायला हवं तर त्याला काहीतरी चमकणारं जोडावं लागतं. हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, थेट अ‍ॅक्टिनला जोडलं तर तो रेणू जाडजूड होतो आणि फॉर्मिन त्याला नीट स्वीकारत नाहीत. २००८ पासून लाइफअ‍ॅक्ट नावाचा १७ अमिनो आम्लांचा तुकडा वापरला जातो. यीस्टच्या एका प्रथिनातला हा तुकडा तंतूवर हलकेच येतो-जातो. पण तोही पेशीत भरमसाट झाला की तंतूंचं वागणं बदलतं. आणि प्रकाश स्वतः त्रास देतोच. लेझर जास्त ठेवला तर चित्र सुरेख येतं आणि पेशी चालायची थांबते, कडा आत ओढून घेते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी खरखरीत, अंधुक चित्रं घ्यायला सांगायचे. ज्या चित्रफितीत पेशी शेवटपर्यंत चालते आहे ती चांगली. देखणी असण्याची गरज नाही. आमच्या खोलीत एसी चालू-बंद झाला की तापमानाच्या फरकाने फोकस हलायचा, त्यामुळे मे महिन्यात रात्रीच काम करणं परवडायचं.

नातेवाइकांत कुणाला कॅन्सर झाला की मला फोन येतो. पेशी चालतात कशा यावर हिने काम केलंय, मग पसरणारा कॅन्सर थांबवायचं औषध हिला ठाऊक असेल, अशी भाबडी पण रास्त अपेक्षा असते. कॅन्सर पसरतो तेव्हा पेशी अ‍ॅक्टिनच्याच जोरावर वाट काढतात, हे खरं आहे. पण तेच अ‍ॅक्टिन हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला लागतं, जखम भरायला लागतं, जंतूंच्या मागे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना लागतं. थेट अ‍ॅक्टिनवर घाव घालणारं द्रव्य माणसाला देता येत नाही. म्हणून संशोधन वळलं आहे ते अ‍ॅक्टिनला हाताळणाऱ्या प्रथिनांकडे. तिथे एखादा दुवा तुटला तर काय होतं, हे विस्कॉट-अल्ड्रिच या आजारात दिसतं. आल्फ्रेड विस्कॉट यांनी १९३७ मध्ये जर्मनीत एकाच घरातले तीन मुलगे पाहिले: रक्तस्राव, त्वचेवर चट्टे, सतत जंतुसंसर्ग. १९५४ मध्ये रॉबर्ट अल्ड्रिच यांनी तो आईकडून मुलग्यांकडे जातो हे दाखवलं, आणि १९९४ मध्ये त्याचं जनुक सापडलं. त्यातून बनणारं प्रथिन रक्तपेशींत आर्प २/३ ला फांदी काढायचा इशारा देतं. तो इशारा नसला की पांढऱ्या पेशींची चाल आणि पकड बिघडते, बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, छोट्या होतात आणि कमी पडतात. एक इशारा गेला की लहान मूल इतक्या तऱ्हांनी आजारी पडतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने यातली बरीच मुलं आता वाचतात.

आपल्याकडच्या कॉलेजांत मुलं कांद्याची साल आणि गालाच्या आतल्या पेशी रंगवून बघतात आणि पेशी पाहिली असं म्हणून जर्नलवर सही घेतात. दोन्ही नमुने निश्चल असतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण जिवंत हालचाल दाखवायला ना लेझर लागतो, ना गोल्डफिश. शोभेचे मासे विकणाऱ्या त्याच दुकानांत हायड्रिलाची जुडी थोड्या पैशांत मिळते. तिचं कोवळं पान चिमट्याने तोडून अख्खंच पाण्याच्या थेंबात ठेवावं, वर कव्हरस्लिप, आणि मधल्या शिरेजवळच्या पेशी ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली आणाव्यात. सुरुवातीला सगळं थांबलेलं असेल. दिवा चालू ठेवून काही मिनिटं थांबलं की हरितलवक पेशीच्या भिंतीलगत एका दिशेने फिरायला लागतात, कोपऱ्यावर वळतात, रांगेने परत येतात. बोनाव्हेंतुरा कॉर्ती यांनी १७७४ मध्ये असाच प्रवाह पाणवनस्पतींत पाहिला होता. इथे अ‍ॅक्टिनचे तंतू आपल्या जागी असतात आणि त्यांच्यावरून मायोसिन ओझं घेऊन चालतं. केराटोसाइटमध्ये चाल येते ती तंतू बांधण्या-मोडण्यातून; इथे तंतू नुसती वाट होऊन असतात. शिक्षकांनी एवढं एक वाक्य त्या वेळी मुलांना सांगावं, आणि तास संपला तरी मायक्रोस्कोपचा दिवा लगेच बंद करू नये.